फॉस्टसला माफी काहून नाही भेटली?

मागच्या अंकात इंग्रजी शोकांतिकांवर अर्धं पान लिहिलं होतं. वाटलं होतं कोण वाचते, सोयाबीन काढायचे दिवस आहेत, पण पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला. सगळे घेता आले नाहीत. एका भाऊंनी फक्त "हे आपल्याले कशाले पाहिजे" एवढंच पाठवलं आहे, त्यांना नमस्कार.

प्रश्न: सर, आमची वडसा साइडची नाटक मंडळी आहे. डॉक्टर फॉस्टसची स्टोरी आपल्याकडच्या मांत्रिकावर बसवून यंदा मंडईच्या जत्रेत करायचा विचार आहे. सैतानाशी चोवीस वर्षांचा करार, रक्तानं सही, शेवटी भूतं ओढून नेतात, पब्लिक जागचं हलणार नाही. पण शेवटी तो एवढा रडते, देवाचं नाव घेते, तरी त्याले माफी काहून नाही? आमचे डायरेक्टर म्हणतात नियती होती, आधीच लिहून ठेवलं होतं. मले पटत नाही.

तुम्हाला पटत नाही हे बरंच आहे, कारण "नियती" हा शब्द नाटकात सगळ्यात आधी खुद्द फॉस्टसच बोलतो, आणि तिथंच त्याची गाडी चुकते.

पहिलाच सीन बघा. हा जर्मनीतल्या विटेनबर्गचा मोठा पंडित, सगळी शास्त्रं वाचून कंटाळलेला, एकेक पुस्तक उचलतो आणि बाजूला टाकतो. बायबल उचलतो. त्यात वाचतो की पापाचे वेतन मरण आहे. मग दुसरं एक वाक्य वाचतो की आपल्यात पाप नाही असं म्हणाल तर स्वतःलाच फसवाल. मग हिशोब मांडतो की पाप तर सगळेच करतात, म्हणजे सगळेच मरणार, म्हणजे जे व्हायचं ते होणारच, चला, ठेवा हे पुस्तक. आता गंमत अशी की दोन्ही वाक्यं त्यानं अर्धीच वाचली आहेत. पहिलं वाक्य रोमकरांस पत्रातलं, सहावा अध्याय, तेविसावी ओवी, त्याचा पुढचा भाग असा की देवाचं कृपादान म्हणजे सार्वकालिक जीवन. दुसरं योहानाच्या पहिल्या पत्रातलं, त्याच्या लगेच पुढच्या ओवीत आहे की पापं कबूल केली तर तो क्षमा करतो. म्हणजे बँकेची जप्तीची नोटीस वाचून माणूस घरी येऊन डोकं धरून बसला आणि पाठीमागं कर्जमाफीचं लिहिलं होतं ते पान पलटलंच नाही. हे नाटक लिहिणाऱ्या ख्रिस्तोफर मार्लोच्या काळचा प्रेक्षक ही वाक्यं चर्चमध्ये ऐकून ऐकून पाठ असलेला, त्याला पहिल्या पाच मिनिटातच कळत असणार की पंडितानं पान पलटलं नाही. मार्लो स्वतः केंब्रिजला शिकला तो पुढं पाद्री व्हायचं असलेल्या पोरांसाठीच्या स्कॉलरशिपवर, त्याच्या हातून हे चुकून झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

आता माफीचं. आपल्या सप्ताहात अजामिळाची कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. जन्मभर पापं केली, मरताना घाबरून पोराला हाक मारली, पोराचं नाव नारायण, आणि तेवढ्यावर यमदूत परत गेले. कीर्तनात या ठिकाणी म्हातारे हमखास डोळे पुसतात. म्हणून आपल्या माणसाला फॉस्टस बघताना अडकल्यासारखं होतं, की अरे हा तर चुकून नाही, समजून उमजून ख्रिस्ताचं नाव घेऊन राहिला, मग?

फरक असा की अजामिळानं हिशोब केला नाही. फॉस्टस शेवटपर्यंत हिशोबच करत राहतो. शेवटच्या रात्री तो आपल्या विद्यार्थ्यांना सांगतो की हव्वेला भुलवणारा साप तरेल एक वेळ पण फॉस्टस नाही. ऐकताना नम्रपणा वाटतो, पण ख्रिस्ती विचारात हाच मोठा गर्व, कारण माझं पाप देवाच्या दयेपेक्षा मोठं आहे असं म्हणणं म्हणजे तिथंही मीच मोठा. निराशा हे त्यांच्याकडं नुसतं दुःख नाही, पाप आहे, आणि ते असं पाप की बाकीच्या पापांची माफी मागायला हातच उठू देत नाही. फॉस्टस अक्षरशः म्हणतो, मी हात वर करतो, पण बघा ते सैतान धरून ठेवतात.

तरी दार बंद झालं असं नाटकात कुठं दिसत नाही. चांगला देवदूत येतो, म्हणतो वेळ गेलेली नाही. शेवटाकडं एक म्हातारा येतो, त्याला कोणी बोलावलं नाही, तो सांगतो की तुझ्या डोक्यावर देवदूत कृपेनं भरलेली कुपी घेऊन उभा आहे, फक्त माग. आणि त्याच सीनमध्ये त्याच्या सेवेला आलेला सैतान मेफिस्टोफिलिस काय देतो तर खंजीर. एकीकडं कुपी, एकीकडं खंजीर. तुमच्या मंडळीत रोल कमी करायची वेळ आली तर सात पापांची वरात कापा, हा म्हातारा कापू नका, तो गेला की मग तुमच्या डायरेक्टरची नियतीच उरते.

शेवटचा तास तर काय लिहिला आहे बाप्पा. अकराचा ठोका पडतो आणि बारापर्यंत हा एकटा स्टेजवर. आकाशात ख्रिस्ताचं रक्त वाहताना दिसतं, म्हणतो एक थेंब मला वाचवेल, अर्धा थेंब, आणि तेवढ्यात काळजात कळ येते तर म्हणतो, लूसिफर, मला सोड! ख्रिस्ताला हाक मारता मारता विनवणी सैतानाला. माझ्या मते तुमच्या "काहून नाही" चं उत्तर या दोन ओळीत आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या मांत्रिकाला अडचणीची आहे म्हणून सांगतो. त्याच भाषणात फॉस्टस म्हणतो की पायथागोरसचं ते पुनर्जन्माचं म्हणणं खरं असतं तर किती बरं झालं असतं, माझा आत्मा एखाद्या जनावरात गेला असता, जनावरं सुखी, मेली की संपली. विचार करा, आपण जन्मभर घाबरतो की पुढच्या जन्मी बैल होऊ का डुक्कर होऊ, चौऱ्यांशी लाख योनी, आणि हा इंग्रजी स्टेजवरचा माणूस हात जोडून तेच मागून राहिला आणि त्याच्या धर्मात ती सोयच नाही. एकच जन्म, एकच हिशोब, मग कायमचं. म्हणून बाराचा ठोका एवढा अंगावर येतो. तुमचा मांत्रिक आपल्याकडचा असला तर प्रेक्षक मनात म्हणणार, जाऊ दे, फेडेल पुढच्या जन्मी. त्याला ख्रिस्ती तरी करा नाहीतर त्याचा पुढचा जन्म करारातच लिहून घ्या.

डायरेक्टरांच्या बाजूनं एक सांगून टाकतो, नाहीतर ते म्हणतील मास्तर एकतर्फी बोलला. नाटकाच्या दोन जुन्या छापील प्रती आहेत, १६०४ ची आणि १६१६ ची, मार्लो तर १५९३ मध्येच सुरीनं मारला गेला होता. आधीच्या प्रतीत चांगला देवदूत म्हणतो, उशीर झाला नाही, फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर. नंतरच्या प्रतीत, फॉस्टस करणार असेल तर. एका शब्दाचा फरक. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कॅल्विनच्या विचाराचा जोर होता, की कोण तरणार कोण नाही हे देवानं आधीच ठरवलं आहे, त्या विचारानं पाहिलं तर पश्चात्ताप करता येणं हेसुद्धा देवाचंच देणं, आणि फॉस्टसला ते दिलंच नसेल तर? मी या बाजूचा नाही पण ही बाजू हलकी नाही.

जाता जाता, जुनी गोष्ट सांगतात की एक्झेटर गावात हा प्रयोग चालू असताना नटांनी मोजलं तर स्टेजवर एक भूत जास्तीचं निघालं, खेळ बंद करून सगळे पळाले. तुम्ही मोजून ठेवा.

प्रश्न: मी एम.ए. इंग्लिश करते, दारव्हा तालुका. हॅम्लेटला काका एकटा सापडतो, प्रार्थना करत असतो, तलवार हातात आहे तरी मारत नाही. गाईडमध्ये लिहिलं आहे स्वभावानं डळमळीत. सर, पेपरात हेच लिहू का?

ताई, पेपरात काय लिहायचं ते तुमच्या सरांना विचारा, मार्क त्यांच्या हातात आहेत. पण हॅम्लेट काय बोलतो ते वाचा ना. तो म्हणतो की आत्ता याला मारलं तर हा प्रार्थनेत असताना मेला, सरळ स्वर्गात जाणार, आणि माझा बाप कसा गेला, पोट भरलेलं, पापं जशीच्या तशी, काही तयारी नाही. मग हा बदला झाला का, हे तर बक्षीस झालं. दारू पिऊन असेल, शिव्या देत असेल तेव्हा मारीन. यात डळमळीत काय आहे? हा माणूस खुनाच्या पुढं जाऊन समोरच्याचा आत्मा नरकात पोचेल याची व्यवस्था करून राहिला, जे काम देवाचं ते स्वतः करायला निघाला. मला हा सगळ्या नाटकातला सगळ्यात भयंकर विचार वाटतो आणि गाईडवाले त्याला आळस म्हणतात.

आणि तिकडं क्लॉडियसचं, म्हणजे हॅम्लेटच्या बापाला मारून गादीवर बसलेल्या त्या काकाचं, काय चालू आहे ते बघा. तो म्हणतो माझ्या पापाचा वास आभाळापर्यंत गेला, यावर जगातला पहिला शाप आहे, भावाच्या खुनाचा. हे बायबलातल्या काईनचं, ज्यानं भाऊ हाबेलला मारलं. मग स्वतःलाच विचारतो, की ज्याच्यासाठी खून केला ते सगळं, मुकुट, राणी, माझ्याजवळच ठेवून माफी भेटते का? हे आपल्याकडं समजावून सांगायची गरजच नाही. भावाचं वावर सातबाऱ्यावर स्वतःच्या नावानं चढवून घेतलं, धुरा चार हात सरकवला, आणि आता पायी पंढरपूरला निघाला, पण वावर काही परत करत नाही. क्लॉडियस निदान प्रामाणिक आहे, उठताना म्हणतो शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालीच नाही! हॅम्लेटनं मारलं असतं तर त्याच्या स्वतःच्या हिशोबानं काम फत्ते होतं. फक्त प्रेक्षकाला हे माहीत, हॅम्लेटला नाही.

बापाच्या भुताकडं पण लक्ष द्या, पेपरात कामी येईल. ते म्हणते की मी ठरलेल्या मुदतीपर्यंत रात्री भटकतो आणि दिवसा आगीत, पापं जळून जाईपर्यंत. म्हणजे स्वर्ग नाही नरक नाही, ती मधली जागा, कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारे ख्रिस्ती लोकं मानतात ती. आणि तक्रार काय, तर मरताना प्रभुभोजन नाही, तयारी नाही, तेल लावणं नाही. आपल्याकडं तोंडात तुळशीपान गंगाजल न पडता गेला म्हणतात तसं. पण नाटक लिहिलं १६०० च्या आसपास, तेव्हा इंग्लंड प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला सोडून वेगळं झालेलं, त्यांच्या चर्चच्या ३९ कलमांमधलं २२ वं कलम स्पष्ट सांगते की ही मधली जागा म्हणजे पोकळ कल्पना. मग भूत आलं कुठून? एक तर ते खरं बोलते आणि देशाचा कायदेशीर धर्म चूक, नाहीतर ते बापाचं रूप घेतलेला सैतान. शिवाय अशा जागेतला आत्मा जिवंत माणसांना काय मागेल, तर माझ्यासाठी प्रार्थना करा. हे मागते खून. हॅम्लेटला हीच शंका येते, तो स्वतः बोलून दाखवतो की मी पाहिलं ते सैतानही असू शकेल, आणि म्हणून काकासमोर ते नाटकातलं नाटक करून खात्री करतो. तोही विटेनबर्गला शिकणारा, जिथून मार्टिन लूथरनं १५१७ मध्ये पोपच्या कारभाराविरुद्ध उभं राहून सगळं ढवळून काढलं ते गाव. म्हणजे पोरगा प्रोटेस्टंट कॉलेजचा आणि बापाचं भूत कॅथलिक. घरोघरी आहे हे, पोरगा पुण्याहून शिकून येते आणि बुवाबाजी नको म्हणते, आणि आजी अंगारा लावते.

शेवटच्या अंकात हॅम्लेट बदलतो. म्हणतो चिमणी पडते त्यातही देवाची खास नजर आहे. मत्तयच्या दहाव्या अध्यायातली चिमणी ती. तिसऱ्या अंकात दुसऱ्याच्या आत्म्याचा हिशोब करणारा माणूस इथं हिशोब सोडून देतो, तयार असणं हेच सगळं म्हणतो. तिसऱ्या आणि पाचव्या अंकातल्या या दोन जागा समोरासमोर ठेवून लिहिलं तर डळमळीत वगैरे लिहायची गरजच पडणार नाही. ओफेलियाच्या दफनाचा वादही यातच येतो, आत्महत्या असेल तर पूर्ण विधी नाही म्हणून पाद्री अडून बसतो, पण तो तुम्ही वाचाच.

प्रश्न: मी अचलपूर भागातली, आम्ही तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मॅकबेथ हे ख्रिस्ती नाटक आहे असं ऐकलं म्हणून मराठीतून वाचलं, पण त्यात चेटकिणीच जास्त. ख्रिस्ती काय आहे त्यात?

ताई, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे! राजाचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो तेव्हा त्याला कशाचं वाईट वाटते ते आठवा. आतल्या खोलीत कोणी झोपेतून जागं होऊन "देव भलं करो" म्हणालं आणि याला "आमेन" म्हणता आलं नाही. घशात अडकलं. बायकोला विचारत राहतो, मला का म्हणता आलं नाही, मलाच तर आशीर्वादाची गरज होती. रक्तानं हात भरलेत आणि हा एका शब्दासाठी अडून बसला आहे. तुम्ही दर रविवारी तो शब्द किती सहज म्हणता.

तिकडं बायको म्हणते थोडं पाणी घेतलं की झालं. येशूला क्रुसावर द्यायला सोपवताना पिलातानंही हात धुतले होते. पुढं तीच झोपेत हात चोळत फिरते आणि डॉक्टर बघून म्हणतो, हिला वैद्यापेक्षा पाद्रीची गरज जास्त आहे. खून करायच्या आधीच मॅकबेथनं एक वाक्य टाकलेलं आहे, की या जगात निभावलं तर पुढच्या जीवनाचं मी बघून घेईन, उडी मारून टाकतो. पुढचं जीवन आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. न मानणारा माणूस असता तर नाटकच झालं नसतं.

चेटकिणींचं म्हणाल तर त्या फक्त सांगतात, सुरी कोणी हातात देत नाही.

याच ताईंनी ऑथेल्लोबद्दलही विचारलं आहे, शेवटच्या भाषणात यहुदी आहे की इंडियन. दोन्ही आहे. १६२२ च्या छापील प्रतीत इंडियन, मोती फेकून देणारा अडाणी, आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, यहुदी. दुसरं घेतलं तर बऱ्याच जणांना त्यात यहूदा इस्कर्योत दिसतो, ज्यानं चुंबन घेऊन येशूला धरून दिलं, आणि ऑथेल्लोही मरताना आपणच मारलेल्या बायकोचं, देस्देमोनाचं चुंबन घेतो. पेत्र नावाच्या शिष्यानंही येशूला नाकारलं होतं तीनदा, पण तो रडला आणि परत आला, यहूदानं फास घेतला. ऑथेल्लो यहूदाच्या वाटेनं जातो. मला यहुदी हाच पाठ आवडतो, भांडायला कोणी येणार असेल तर चहा माझ्याकडे.

प्रश्न: वाशिमहून लिहितो, शेतकरी माणूस. नटसम्राट पाहिलं आहे. त्याचं मूळ राजा लिअर म्हणतात. भाऊ, त्याच्यात देव कुठं गेला?

मूळ म्हणजे बीज म्हणा, शिरवाडकरांचं १९७० चं नाटक स्वतःच्या पायावर उभं आहे. पण प्रश्न नेमका आहे. लिअरमध्ये देव नाही, देव-देवता आहेत, कारण गोष्ट ख्रिस्ताच्या आधीच्या ब्रिटनमधली. आणि १६०६ मध्ये कायदाच आला होता की स्टेजवर देवाचं, ख्रिस्ताचं नाव थट्टेत किंवा हलकेपणानं घेतलं तर दहा पौंड दंड. पण नुसता दंडाचा प्रश्न नाही. याच गोष्टीवर आधी एक जुनं नाटक होतं, १६०५ मध्ये छापलेलं, त्यात सगळे ख्रिस्ती आणि शेवटी राजाला राज्य परत मिळते. शेक्सपिअरनं ते सगळं काढून टाकलं.

सगळं म्हणजे सगळंही नाही. लिअरची धाकटी पोरगी कॉर्डेलिया फौज घेऊन येते तेव्हा म्हणते, बाबा, मी तुझ्याच कामाला निघाले आहे, हे लूकच्या शुभवर्तमानातल्या बारा वर्षांच्या येशूच्या बोलण्यासारखंच. प्रेक्षकाला वाटते आता ही तारणार. मग शेवटी लिअरचा जावई ऑल्बनी म्हणतो, देव तिचं रक्षण करो, आणि पुढच्याच क्षणी लिअर तिचं प्रेत हातावर घेऊन येतो. असा शेवट लोकांना सोसवला नाही, नेहम टेट नावाच्या माणसानं १६८१ मध्ये शेवट गोड करून टाकला, कॉर्डेलिया जिवंत, लग्नसुद्धा, आणि १८२३ पर्यंत स्टेजवर तेच चालत होतं. डॉक्टर जॉन्सनसारखा कर्मठ ख्रिस्ती माणूस, तो म्हणाला की कॉर्डेलियाच्या मरणानं मला इतका धक्का बसला की पुढं संपादन करायची वेळ येईपर्यंत शेवटचे सीन पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही.

फॉस्टसमध्ये दार उघडं आहे आणि माणूस जात नाही. लिअरमध्ये म्हातारा दार ठोकतो आहे आणि आतून आवाज येत नाही. पाऊस दोनदा दगा देऊन गेल्यावर, तिबार पेरणीच्या वेळी वावरात उभं राहिलेल्या माणसाला हे दुसरं नाटक मी काय समजावणार, तुम्हीच मला सांगा.

प्रश्न: हे सगळं मराठीत कुठं वाचायला मिळेल? (पाच-सहा जणांनी विचारलं)

लिअर विंदा करंदीकरांचा घ्या, राजा लिअर, तोडच नाही. ऑथेल्लोचं देवलांनी झुंझारराव केलं, १८९० चं. हॅम्लेटचं आगरकरांनी विकारविलसित केलं, १८८३ चं, भाषा जुनी आहे, हळू वाचा. हेच ते सुधारक आगरकर, अकोल्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेले, म्हणजे आपलेच म्हणायला हरकत नाही, आणि देवाधर्माच्या बाबतीत पक्के शंकेखोर, तरी भाषांतराला निवडलं ते भूत आणि प्रार्थनेनं भरलेलं नाटक.

वडसावाले भाऊ, प्रयोगाची तारीख नक्की कळवा. परत यायला रात्रीची एसटी नसते म्हणून काळजी करू नका, तुमचं नाटक तसंही उजाडेपर्यंत चालते.